झाडाला रात्र लागते

(दुसरबीड येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शहरांतील रात्रीचा कृत्रिम उजेड आणि तिथली झाडे, असा आजचा विषय जाहीर झाला आहे. सोयाबीन, तूर, कपाशीच्या या मुलखात शहरातल्या झाडांची उठाठेव कशासाठी, असा प्रश्न कुणाच्या मनात आला असेल तर तो रास्त आहे. पण ज्या शास्त्राच्या आधारे शहरातल्या झाडांवरच्या उजेडाविषयी आज बोलता येते, ते शास्त्र शहरातल्या झाडांपासून सुरू झालेले नाही. ते सुरू झाले तंबाखू आणि सोयाबीनच्या शेतात. आणि ज्याला आपण शहरी उजेड म्हणतो तोही आता शहराच्या हद्दीत राहिलेला नाही. दुसरबीड हे जुन्या नागपूर-औरंगाबाद रस्त्यावरचे गाव; आता जवळच समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज झाला. इंटरचेंज, टोलनाका, पेट्रोलपंप, ढाबा, चौकातला हायमास्ट यांचा उजेड जिथे पडतो, तिथून दोन पावलांवर कुणाचा तरी धुरा लागतो. म्हणून मुंबईच्या फुटपाथवरचे झाड आणि दुसरबीडच्या शिवारातले सोयाबीन यांचा विचार मी एकत्रच करणार आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की झाडाला उजेड दोन कामांसाठी लागतो. एक अन्न तयार करण्यासाठी आणि दुसरे वेळ ओळखण्यासाठी. अन्नासाठी भरपूर उजेड लागतो, वेळ ओळखायला अगदी थोडा पुरतो. रात्रीचा दिवा झाडाचे पोट भरत नाही, पण त्याचे पंचांग मात्र चुकवतो. आपण दिवे लावताना पहिली गोष्ट गृहीत धरतो आणि दुसरी विसरतो. रस्त्यावरच्या दिव्यांविषयीची आपली सगळी बेफिकिरी या एका विसरण्यातून आली आहे.

1920 साली अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अॅलार्ड या दोन संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्यापुढे दोन कोडी होती. मेरीलँड मॅमथ नावाचे तंबाखूचे एक वाण उन्हाळाभर शेतात माणसाच्या उंचीपलीकडे वाढे, पण फुलावर येत नसे; तेच झाड हिवाळ्यात काचघरात ठेवले की लहान असतानाच फुले. दुसरे कोडे बिलॉक्सी या सोयाबीनच्या वाणाचे होते. थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने ते कितीही वेळा पेरा, लवकर पेरलेले आणि उशिरा पेरलेले सगळे सप्टेंबरच्या आसपास एकाच वेळी फुलोऱ्यावर येई. म्हणजे झाड आपले वय मोजत नव्हते, दुसरेच काही मोजत होते. तापमान, ओलावा, खत या सगळ्यांचा हिशेब करून झाल्यावर त्यांनी झाडे दुपारनंतर अंधाऱ्या खोलीत ठेवून पाहिली. दिवस लहान झाल्याचा भास होताच भर उन्हाळ्यात तंबाखूला फुले आली. सूर्यप्रकाश किती मिळतो यापेक्षा तो किती तास मिळतो, याकडे झाडाचे लक्ष असते हे त्या दिवशी सिद्ध झाले. आपल्या तालुक्यात आज खरिपाचे मुख्य पीक असलेले सोयाबीन त्या शोधाचे साक्षीदार आहे.

पुढे 1938 मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी झँथियम या तणावर प्रयोग केले. ज्याची काटेरी फळे जनावरांच्या अंगाला चिकटतात तेच हे तण. त्यांनी दिवसाच्या मध्येच थोडा वेळ अंधार केला, काही फरक पडला नाही. मग लांब रात्रीच्या मध्येच थोडा वेळ उजेड केला, आणि फुलोरा थांबला. झाड दिवस मोजत नव्हतेच. ते सलग, अखंड रात्र मोजत होते. रात्रीत खंड पडला की आधीचा अंधार हिशेबातून गेला. 1950 च्या दशकात त्याच अमेरिकी कृषी खात्यातल्या बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यामागचे रंगद्रव्य शोधले. त्याला फायटोक्रोम म्हणतात. पानात असलेले हे द्रव्य तांबड्या उजेडात एका रूपात जाते आणि अंधारात हळूहळू मूळ रूपात परतते. झाडाच्या पेशींत स्वतःचे घड्याळही चालू असते. 1729 साली फ्रान्समध्ये द मेरान यांनी लाजाळूचे रोप अंधारात ठेवले, तरी त्याची पाने ठरल्या वेळी मिटत आणि उघडत राहिली. तेव्हापासून या घड्याळाची चाहूल माणसाला आहे. हे आतले घड्याळ 'आता रात्र' म्हणत असताना फायटोक्रोमने 'उजेड आहे' असा निरोप दिला, तर लहान दिवसांत फुलणारे झाड त्यातून एकच अर्थ काढते: दिवस अजून मोठे आहेत, फुलण्याची घाई नको.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो आणि तो भौतिकशास्त्राचा आधार घेऊन येतो. भर दुपारच्या उन्हाची तीव्रता लाखभर लक्सच्या घरात असते. रस्त्याच्या दिव्याखाली ती पाच, दहा, फार तर वीस-तीस लक्स भरते. एवढ्याशा उजेडाने झाडाचे काय बिघडणार? आकडे खरे आहेत. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, कारण तो उजेडाला फक्त अन्न समजतो. रस्त्याच्या दिव्यावर प्रकाशसंश्लेषण जवळजवळ होत नाही हे मान्यच आहे. पण निरोप द्यायला मोठा आवाज लागतोच असे नाही. पौर्णिमेचे चांदणे लक्सच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी असते. कोट्यवधी वर्षे रात्री झाडावर पडणारा सर्वांत मोठा उजेड तेवढाच होता. दिव्याखालचा उजेड त्याच्या पंधरा ते शंभर पट आहे, आणि तोही रोज, अमावस्येलासुद्धा.

हा आक्षेप खोडायला परदेशातल्या प्रयोगशाळेत जायचीही गरज नाही. आपल्या राज्यातले शेतकरी तो पदरचे पैसे खर्चून रोज खोडत आहेत. शेवंती हे लहान दिवसांत फुलणारे झाड. सण किंवा लग्नसराईच्या बेताने फुले हवी असतील तर उत्पादक रोपांवर रात्री दिवे लावतात आणि फुलोरा मागे ठेवतात, दिवे बंद केले की मग ती फुलावर येते. ड्रॅगन फ्रूटचे उलटे. त्याला मोठा दिवस हवा, म्हणून सोलापूर-सांगलीकडचे बागायतदार हिवाळ्यात बागेवर एलईडी बल्ब टांगतात आणि बिगरहंगामी फळ घेतात. ऊस पैदास करणारे शास्त्रज्ञ दोन वाणांचा संकर जुळावा म्हणून रात्रीच्या उजेडाने तुरा लांबवतात. ज्या दुसरबीडने जिजामाता सहकारी साखर कारखाना पाहिला, त्याला उसाच्या तुऱ्याचे महत्त्व सांगायला नको. ज्या बल्बने बागेचा हंगाम बदलतो, तसलाच बल्ब खांबावर चढला की निरुपद्रवी होतो, असे कसे म्हणता येईल? फरक एवढाच की बागेतला बल्ब शेतकऱ्याने हिशेबाने लावलेला असतो आणि रस्त्यावरचा दिवा शेजारच्या शेताचा हिशेब न करता.

आता सोयाबीनचा फड जवळून पाहू. भाद्रपद संपता संपता सोयाबीन पिवळे पडू लागते, पाने गळतात, शेंगा तपकिरी होऊन खुळखुळू लागतात आणि सोंगणीची लगबग सुरू होते. त्या वेळी उघड्या, तीव्र दिव्याखालचा तुकडा वेगळा ओळखू येतो. तिथली झाडे हिरवीगार असतात, बाकीच्यांपेक्षा उंच असतात, पानगळ झालेली नसते, काहींच्या शेंड्याला तर अजून फुले असतात. खांबापासून दूर जावे तसा हिरवेपणा कमी होत जातो. त्या हिरव्या पट्ट्याची कड खांबाभोवती काढलेल्या कमानीसारखी दिसते. वरवर पाहणाऱ्याला वाटते, पीक जोमदार आहे. पण हा जोम शेतकऱ्याच्या कामाचा नाही. शेंगा उशिरा धरल्या, दाणा भरायला वेळ लागला, तोवर जमिनीतली ओल गेली. सोंगणीला उर्वरित शेत तयार आणि हा तुकडा कच्चा. त्याच्यासाठी थांबावे तर बाकीच्या शेंगा तडकून दाणे मातीत जातात. न थांबता सोंगून सुडी लावावी तर ओलसर, हिरवी झाडे सुडीत जाऊन काळवंडतात आणि मळणीयंत्रातून हिरवा दाणा निघतो, जो बाजारात भाव पाडतो. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या वाहतूक यंत्रणेने हा प्रश्न इतका गंभीर मानला की रस्त्याकडेच्या दिव्यांचा सोयाबीनवर काय परिणाम होतो याचा तिने खास अभ्यास करवून घेतला. दिव्यांच्या जवळचे पीक पक्व व्हायला उशीर होतो, हे त्यात दिसले. दक्षिण कोरियात रेल्वे स्थानकाच्या दिव्यांमुळे शेजारच्या शेतातले सोयाबीन आणि आणखी एक पीक बिघडल्याची तक्रार पर्यावरण तंटा निवारण मंडळापुढे गेली आणि शेतकऱ्याला भरपाई मिळाली. त्याच देशाने 2012 साली प्रकाशप्रदूषण रोखण्याचा स्वतंत्र कायदा केला.

सगळी पिके आणि सगळी वाणे सारखी संवेदनशील नसतात, हे इथे सांगितले पाहिजे. लवकर येणारी वाणे दिवसमानाची फार पर्वा करत नाहीत, उशिराची अधिक करतात. आपली कपाशी बहुतांशी या बंधनातून सुटली आहे; उशिराच्या तुरीवर मात्र ते घट्ट आहे. म्हणून एका शेतकऱ्याला दिव्याखाली काही दिसत नाही आणि दुसऱ्याला दिसते, यात विरोधाभास नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचारपूर्वक घेतला जातो आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. शहरातल्या झाडांवर झालेला बहुतेक अभ्यास थंड देशांतला आहे. 1936 साली एडविन मॅट्झके यांनी न्यूयॉर्कमध्ये दाखवले की रस्त्याच्या दिव्याशेजारच्या काही जातींच्या झाडांची पाने शरद ऋतूत उशिरा गळतात, आणि तीही दिव्याच्या बाजूची. 2016 मध्ये ब्रिटनमधल्या तेरा वर्षांच्या नोंदींवरून दिसले की उजळ रात्रींच्या भागात झाडांची पालवी साडेसात दिवसांपर्यंत लवकर फुटते. 2022 मध्ये अमेरिकी शहरांविषयीच्या अभ्यासात पालवी सरासरी नऊ दिवस लवकर आणि पाने रंगण्याची क्रिया सहा दिवस उशिरा आढळली. थंड देशात याचा अर्थ सरळ आहे: लवकर फुटलेली कोवळी पालवी उशिराच्या हिमतुषारात सापडते. पण आपल्याकडे हिमतुषार कुठे? आपल्या दिवसमानातला फरक तरी किती? दुसरबीडसारख्या 20 अक्षांशाच्या आसपासच्या गावात वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि सर्वांत लहान अकरा तासांच्या आसपास. लंडनमध्ये हाच फरक आठ तासांहून अधिक आहे. मग आपली झाडे दिवसमानाकडे लक्ष देतच नसतील, असे या आक्षेपाचे म्हणणे.

खरी गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. फरक लहान असल्यामुळेच उष्ण प्रदेशातल्या वनस्पतींना तो बारकाईने वाचावा लागतो. याचा सर्वांत बोलका पुरावा मलायातल्या मलाक्काचा आहे. विषुववृत्ताजवळच्या त्या ठिकाणी वर्षभरात दिवस फक्त 14 मिनिटांनी लहानमोठा होतो. तरीही तिथले सयाम 29 हे भाताचे वाण जानेवारीत पेरले तर फुलायला सप्टेंबरातल्या पेरणीच्या जवळजवळ दुप्पट दिवस घेते, हे 1950 च्या दशकात नोंदवले गेले. मिनिटांचा फरक ओळखणाऱ्या झाडापुढे रात्रभर जळणारा दिवा ही केवढी मोठी ढवळाढवळ आहे, याची कल्पना करता येईल. आपल्याकडे जुलैच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दिवस जेमतेम अर्ध्या तासाने लहान होतो आणि तेवढ्या इशाऱ्यावर सोयाबीन आपला फुलोरा ठरवते. त्यामुळे 'आपल्याकडे फरक पडत नाही' हे म्हणणे पुराव्यावर उभे नाही. अनेक देशी वृक्षांची फुलण्याची, पालवीची वेळ ऋतूशी बांधलेली आहे. ती किती पाण्याशी, किती उष्णतेशी आणि किती दिवसमानाशी, हे जातीनुसार वेगळे असणार. पण दिवसमानाचा वाटा शून्य धरून शहरांची रोषणाई आखणे म्हणजे अज्ञानालाच नियम करणे होय.

फुलोऱ्यापलीकडेही परिणाम होतात आणि ते डोळ्यांना चटकन दिसत नाहीत. चिंच, शिरीष, पर्जन्यवृक्ष यांची पाने संध्याकाळी मिटतात. प्रखर दिव्यालगतच्या फांद्यांवर ही मिटण्याची क्रिया बिघडते. पानांवरची सूक्ष्म छिद्रे रात्री बहुतेक झाडांत बंद होतात; उजेडात ती अर्धवट उघडी राहिली तर पाणी वाया जाते आणि रस्त्याकडेच्या धुराला आत शिरायला वाट मिळते. 2024 मध्ये बीजिंगमधल्या रस्त्याकडेच्या झाडांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे रात्रीचा उजेड जास्त, तिथे पाने अधिक टणक आणि किडींनी खाल्ल्याच्या खुणा कमी होत्या. कीड कमी म्हणजे चांगलेच, असे कुणाला वाटेल. पण पानावर अळी नसेल तर पक्ष्याच्या चोचीत काही नसते. शहरातल्या झाडाखाली बसणाऱ्याला सावली मिळते. झाडावर जगणाऱ्यांना मात्र ते झाड रिकामे होत जाते.

याच ओघात परागीभवनाचा मुद्दा येतो. पारिजातक, रातराणी, बुच, निशिगंध यांची फुले पांढरी आणि सुवासिक असतात, आणि त्यांचा वास रात्री दरवळतो. हे आमंत्रण मुख्यतः पतंगांना असते. सावरीची, मोहाची फुले वटवाघळांना बोलावतात. 2017 साली स्वित्झर्लंडमध्ये कुरणांवर एलईडी दिवे लावून केलेल्या प्रयोगात रात्री फुलांवर येणाऱ्या कीटकांच्या भेटी 62 टक्क्यांनी घटल्या, आणि अभ्यासलेल्या एका काटेरी वनस्पतीला 13 टक्के कमी फळे धरली, दिवसा मधमाश्या येत असूनही. सोयाबीनला याचा त्रास नाही, कारण त्याचे परागीभवन फुलातल्या फुलातच होते. कीटकांवर दिव्याचा प्रभाव किती असतो हे मात्र सोयाबीनवाल्याला उत्तम ठाऊक आहे. कृषी विभाग प्रकाश सापळे लावायला सांगतो ते काही उगीच नाही. संध्याकाळचे काही तास एक बल्ब जळला की आसपासचे पतंग तिथे गोळा होतात. रात्रभर पेटणारा हायमास्ट हाही एक सापळाच आहे. फरक एवढाच की त्याच्याखाली गोळा झालेल्या किडीला कुणी मारत नाही, आणि ती धुऱ्यावरच उतरते.

आता रोषणाईकडे वळू, कारण या सगळ्यात सर्वांत अनावश्यक प्रकार तोच आहे. 2022 च्या अखेरीस जी-20 च्या बैठकांच्या निमित्ताने आणि त्यानंतर सुशोभीकरणाच्या नावाखाली मुंबईत झाडांच्या खोडांना, फांद्यांना दिव्यांच्या माळा गुंडाळण्याची लाट आली. ठाणे, मीरा-भाईंदर आणि इतर शहरांनी तिचे अनुकरण केले. 2024 मध्ये याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, न्यायालयाने शासन आणि महापालिकांना नोटिसा काढल्या, आणि मुंबई महापालिकेने झाडांवरचे दिवे उतरवायला घेतले. माळांचे समर्थक म्हणतात की हे दिवे अगदी लहान असतात. उजेड मोजण्याचा साधा नियम इथे लक्षात घ्यावा. दिव्यापासूनचे अंतर निम्मे केले की उजेड चौपट होतो. खांबावरचा दिवा झाडापासून पाच-सात मीटर दूर असतो. माळेतला दिवा पानापासून बोटभर. म्हणून किरकोळ दिसणारी माळ त्या पानापुरती खांबावरच्या दिव्याइतकी, कधी त्याहून जास्त ठरते. शिवाय आवळलेली तार वाढत्या खोडात रुतते, सालीखालचा अन्नवाहक थर दबतो, आणि बसवताना ठोकलेल्या खिळ्यांतून बुरशीला वाट मिळते. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा 1975 पासून आहे. झाड तोडायला परवानगी लागते. मग त्याच झाडाला वर्षभर तारांत बांधून जागे ठेवायला परवानगी का लागू नये? दिवाळीचे चार दिवस आणि जयंतीचा एक दिवस यांची गोष्ट वेगळी. चार दिवसांत झाडाचे पंचांग सहसा बिघडत नाही. 12 जानेवारीला जिजाऊ जयंतीनिमित्त सिंदखेडराजा उजळून निघते, आणि ते तसेच उजळत राहावे.

यानंतरचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याला उत्तर देताना शहरी मध्यमवर्गीय सौंदर्यदृष्टीचा आधार घेणे अप्रामाणिक ठरेल. विदर्भाने अंधार सौंदर्य म्हणून कधी पाहिला नाही. अंधार म्हणजे भारनियमन, रात्री पाणी धरायला गेलेल्या माणसाच्या पायाखालचा साप, शिकवणीहून परतणाऱ्या मुलीच्या मनातली धास्ती, वळणावर उभा असलेला न दिसणारा ट्रक. याच तालुक्यातून गेलेल्या महामार्गाने 1 जुलै 2023 ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खाजगी बसच्या आगीत पंचवीस प्रवाशांचे बळी जाताना पाहिले आहेत. अशा ठिकाणी दिवे काढा म्हणणारा माणूस ऐकून घेण्याच्या लायकीचा नाही. पण झाडाला रात्र हवी याचा अर्थ रस्त्याला अंधार हवा असा होत नाही. रस्त्याला उजेड हवा म्हणजे रस्त्यावर उजेड हवा. उघड्या गोलातून, तिरप्या बसवलेल्या फोकसमधून आकाशात आणि शेजारच्या शेतात जाणारा उजेड रस्त्यावर चालणाऱ्याच्या उपयोगाचा नसतो. उलट समोरून डोळ्यांवर येणाऱ्या झगमगाटाने वळणावरचा माणूस अधिकच दिसेनासा होतो. ज्या दिव्याला वरून आणि बाजूने झाकण आहे, ज्याचा रोख सरळ खाली आहे, तो कमी विजेत रस्ता अधिक नीट दाखवतो. इथे सुरक्षितता आणि झाड यांच्यात एकाची निवड करायचीच नाही.

हे शक्य आहे याचा दाखला विदर्भातच आहे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारी, वाघोडा परिसरातल्या गावांतले दिवे बंद केले नाहीत. शंभरावर दिवे बदलून खाली रोख असलेले बसवले. गावे अंधारात गेली नाहीत आणि आकाशही परत मिळाले.

तरीही इथे एक सावधगिरी हवी, कारण या विषयात सोपी उत्तरे लवकर पसरतात. 2015 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रमात देशभर सव्वा कोटीहून अधिक एलईडी दिवे बसले. विजेची मोठी बचत झाली, आणि ती स्वागतार्ह आहे. या पांढऱ्या एलईडीत निळा उजेड जास्त असतो आणि तो कीटकांना व आकाशाला जास्त बाधतो, म्हणून पिवळसर दिवे लावा असा सल्ला दिला जातो. कीटकांसाठी तो योग्य आहे. झाडांसाठी मात्र तेवढ्याने भागत नाही, कारण फायटोक्रोमला तांबडा उजेड समजतो आणि पिवळसर दिव्यात तांबडा भाग असतोच. 1975 मध्ये अमेरिकेत कॅथी आणि कॅम्पबेल यांनी रस्त्यांच्या निरनिराळ्या दिव्यांची शोभेच्या झाडांवर तुलना केली, तेव्हा जुना बल्ब आणि पिवळा सोडियम दिवा हेच झाडांवर सर्वाधिक परिणाम करणारे निघाले. तसेच 'रात्री अकराला दिवे बंद करा' हा उपाय पतंगांना आणि शहरातल्या झाडांना दिलासा देईल, पण सोयाबीनला पुरणार नाही. सूर्यास्तानंतर चार तास उजेड मिळाला तरी त्याच्या लेखी दिवस मोठाच झाला. म्हणून शेताशेजारी पहिला उपाय एकच, तो म्हणजे झाकण. रंग आणि वेळ यांचा विचार त्यानंतर.

कायद्याने मात्र हा विषय अजून पाहिलेलाच नाही. 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात प्रदूषक म्हणजे घन, द्रव किंवा वायुरूप पदार्थ, अशी व्याख्या आहे. उजेड त्यात बसत नाही. आवाजाच्या बाबतीत हाच देश वेगळा वागला. 1987 च्या दुरुस्तीने आवाज हवा प्रदूषणाच्या कायद्यात आला, 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले, आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद ही गोष्ट आज लहान मुलालाही ठाऊक आहे. ते नियम पाळले जात नाहीत असे कुणी म्हणेल. पण नियम असल्यामुळेच तक्रार करता येते, ठाण्यात नोंदवता येते. शेजारच्या पंपाच्या फोकसमुळे पीक पिकले नाही अशी तक्रार घेऊन आज शेतकरी गेला, तर ती कोणत्या रकान्यात लिहायची हेच तलाठ्याला किंवा कृषी सहायकाला कळणार नाही. पंचनाम्यात अतिवृष्टी आहे, गारपीट आहे, कीड आहे, वन्यप्राणी आहेत, उजेड नाही. ज्या नुकसानीला रकाना नाही ते नुकसान सरकारी कागदावर झालेलेच नसते.

हा रकाना मुंबईत बसून कुणी आपल्यासाठी काढणार नाही. तो इथून मागावा लागेल, आणि मागायचा तर हातात नोंद हवी. म्हणून माझी या गावाला आणि पंचक्रोशीला विनंती आहे. येत्या सोंगणीच्या आधी, सोयाबीन पिवळे पडू लागले की ज्यांचा धुरा एखाद्या दिव्याला लागून आहे त्यांनी शेतात एकदा मुद्दाम फिरावे. हिरवा राहिलेला पट्टा दिसला तर खांबापासून तो किती पावलांपर्यंत जातो हे मोजावे, वाण आणि पेरणीची तारीख लिहावी, दिव्याला झाकण आहे की नाही हे टिपावे आणि दिवसाउजेडी एक फोटो काढावा. तो तुकडा वेगळा सोंगून त्याचा उतारा वेगळा मोजता आला तर फारच उत्तम. शाळा-महाविद्यालयांतल्या विज्ञानाच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून हे काम करून घ्यावे; यापेक्षा चांगला प्रकल्प त्यांना पुस्तकात सापडणार नाही. या नोंदी कृषी सहायकांमार्फत अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे पाठवाव्यात. आणि ग्रामपंचायत पुढच्या वेळी नव्या दिव्यांचा ठराव घेईल तेव्हा त्या ठरावात एक ओळ वाढवून घ्यावी: दिवा झाकणाचा असावा, रोख सरळ खाली असावा, आणि त्याचा उजेड रस्त्याची हद्द ओलांडून शेतात पडू नये.